स्थिर बसणारी मुलगी

सायंकाळी देवापुढे दिवा लावून झाला की माझी नात माझ्यासमोर येऊन बसे आणि मी तिला स्तोत्राची संथा देत असे. पाठशाळेत आम्हांला जशी मिळाली तशीच पद्धत मी घरी चालू ठेवली होती. मी एक चरण म्हणावयाचा, तिने तो दोनदा म्हणावयाचा, आणि पुढचा चरण येईपर्यंत जागचे हलावयाचे नाही. लहान मुलांना यातले हलू नये हेच सर्वांत कठीण जाते. हिला ते मुळीच कठीण गेले नाही. पायावर माशी बसली तरी ती झटकत नसे. ज्या आसनस्थैर्यासाठी गुरुजींनी आमच्या पाठी सडकून काढल्या, ते हिला उपजतच लाभले आहे, असे मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगे.

शाळेचे म्हणणेही याहून निराळे नव्हते. ही वर्गात आहे हे कळतही नाही, असे तिच्या वर्गशिक्षिका कौतुकाने म्हणत. धडा पाठ व्हायला तिला इतर मुलांपेक्षा पुष्कळ वेळ लागे. परंतु ती उठतच नसे, त्यामुळे गुण चांगले पडत. हिवाळा सरला तरी तिच्या अंगावर स्वेटर असे. उंची थांबली होती. जुनाच गणवेश तिला अजून येतो म्हणून माझी सून हसून म्हणे, "मामंजी, हिचे कपडे फाटतही नाहीत अन् आखूडही होत नाहीत. अशी पोट्टी सगळ्यांले भेटो." आम्ही सगळेच हसत असू.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला सून तिच्या गळ्यात माळ घालीत असता गळ्याची सूज तिच्या बोटांना लागली. आदिलाबादेतच मुलांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेले, रक्त तपासले. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी पुरेसा रस बनवीत नाही, म्हणून शरीराचे सगळेच व्यापार मंदावले आहेत, असे त्यांनी सांगितले. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, आणि ती बहुधा जन्मभर. आम्ही उठताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "आता ही हलेल, बोलेल. सुरुवातीला अभ्यासात चित्त लागणार नाही, आणि मग घरची माणसे घाबरून गोळी बंद करतात. तेवढे करू नका."

पावसाळा संपता संपता तिचे हात उबदार झाले. केस गळायचे थांबले, गणवेश आखूड झाला. बाहेरच्या पायऱ्या ती एकेक उतरत असे, त्या आता उडी मारून उतरू लागली. संथेच्या वेळी तिचा गुडघा हाले, डोळे दाराकडे जात, चरण अर्ध्यावर सुटे. एकदा मध्येच थांबून तिने विचारले, "आबा, देवाला एकदा सांगितलेलं कळत नाही का? तेच ते परत काऊन म्हणायचं?" इतक्या वर्षांत तिने मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. त्या दिवशी मी फार प्रसन्न होतो.

शाळा प्रसन्न नव्हती. ती शेजारणीशी बोलते, खिडकीबाहेर पाहते, उत्तरपत्रिका अर्धी सोडून देते, अशा तक्रारी येऊ लागल्या. नववीचे गुण घसरले. माझा मुलगा तलमडुगुच्या मंडल कार्यालयात, म्हणजे इकडच्या तहसिलीत, नोकरीला आहे. दहावीच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास पालकसभेला शाळेत जाऊन तो परतला तेव्हा मी ओसरीवर जप करीत होतो आणि सून भाजी निवडीत होती. चपला काढता काढताच त्याने बोलायला सुरुवात केली.

"गोळीनं पोट्टी बिघडून राह्यली. सगळ्या बायांसमोर मॅडमनं मले ऐकवलं."

सून म्हणाली, "बिघडली काय? हसते-खेळते तं झाली."

"दहावीच्या पेपरात हसून दाखवन का? परीक्षा होईपर्यंत गोळी बंद. मंग पाहू."

मी माळ खाली ठेवली. म्हटले, "डॉक्टरीणबाईंनी नेमके हेच करू नका म्हणून सांगितले होते."

"डॉक्टरले सांगाले काय जाते, बाबा? पेपर त्यायले थोडेच द्याचे हायेत?" तो माझ्यासमोर येऊन बसला. "अन् तुमीच सांगत होते ना लोकायले, असं बसणारं लेकरू भेटत नाही म्हणून? ते लेकरू कुठं गेलं, मले सांगा."

सत्त्वगुण शांत असतो आणि तमोगुणही शांतच दिसतो, दोहोंचा भेद वरून पाहून कळत नाही, हे मी आयुष्यभर शिष्यांना सांगत आलो होतो. मुलालाही तेच सांगू लागलो. त्याने अदबीने ऐकून घेतले, आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद झाली. सुनेने गोळ्यांचे पाकीट फडताळात ठेवून दिले.

दिवाळीनंतरच्या थंडीबरोबर ती पुन्हा थंडावत गेली. प्रथम उड्या थांबल्या, मग प्रश्न थांबले. आवाज घोगरा झाला. पुस्तक उघडून ती तासन् तास बसे, आणि मी जवळ गेलो की पान तेच असे. संथेला मात्र तिची हालचाल नव्हती. मी चरण म्हणे, ती दोनदा म्हणे. तिच्या मनगटाला हात लावला की ओल्या दगडाला लावल्यासारखे वाटे. मग मीच संथा बंद केली. शाळेतून निरोप आला, मुलगी पुन्हा पूर्वीसारखी शहाणी झाली आहे. मुलाने पेढे आणले. ते देवापुढे ठेवताना माझ्या तोंडून नेहमीचे शब्द निघाले नाहीत.

मी एकटाच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, मुलीला आणा, वाढीचे वय हातचे निसटते आहे. ते घरी येऊन सांगितले. मुलगा म्हणाला, पेपर झाल्यावर नेऊ.

पेपर झाले, निकाल लागला. गुण बरे पडले, तरी गोळीपूर्वी पडत तसे नव्हते. आता तरी त्याचे डोळे उघडतील, असे मला वाटले होते. तो म्हणाला, "बंदच उशिरा केली. आधीच केली असती तं असं झालं नसतं." हैदराबादच्या एका निवासी महाविद्यालयात इंटरसाठी, म्हणजे अकरावी-बारावीसाठी, तिला प्रवेश मिळाला. तिथे मुलींना पहाटेपासून रात्रीपर्यंत अभ्यासाला बसवतात, हे मुलाने अभिमानाने सांगितले. आणि गोळीचे आता इंटर झाल्यावर पाहू, असे त्याने ठरवून टाकले.

मी दररोज देवापुढे बसतो. पूर्वी मागायला लाज वाटे, आता मागतो. परंतु एका मनुष्याच्या समजुतीत पालट व्हावा, इतके साधे मागणेही कुठे पोहोचते असे वाटत नाही.

ती निघाली त्या सकाळी मी गोळ्यांचे पाकीट कागदात गुंडाळून तिच्या पिशवीत घालू लागलो. तिने माझा हात हळूच धरला.

"राहू द्या, आबा. गोळी घेतली की मी वाईट होते. सगळे रागावतात."

"तू वाईट झाली नव्हतीस, बाळा. तू बरी झाली होतीस."

मी खूप समजावले. ती नजर खाली लावून, तसूभरही न हलता, सगळे ऐकत राहिली. माझे बोलणे संपले तेव्हा "हो आबा" म्हणाली, पिशवीतले पाकीट काढून माझ्या हातावर ठेवले, आणि बाहेर रिक्षा थांबली होती तिकडे एकेक पायरी उतरत गेली.