नागरिकत्वाच्या टेबलावर

सरकारी फाइलला मरण असतं. ठरलेली वर्षं भरली की ती रेकॉर्ड रूममध्ये जाते आणि पुढे वाळवी तिचा निकाल लावते. टेबलासमोर उभं राहून माणसं जे बोलून जातात, त्याला मात्र असा काही नियम नाही. ते साचतच राहतं. मी रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी चार जुनी मंडळी जमली की ‘तुमच्या त्या टेबलाचं सांगा ना’ म्हणतातच!

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं. मी बुलढाण्याला कलेक्टर ऑफिसात क्लार्क. बाहेरदेशातून आलेल्यांना भारताचं नागरिक करून घ्यायचे अर्ज माझ्याकडे. शेजारी हेडक्लार्क वानखडेबाबू, कायद्याचं पुस्तक उशाशी घेऊन झोपणारा माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, “हे पाय, बाकीच्या टेबलांवर लोक काम घेऊन येतात. तुह्या टेबलावर अख्खा जन्म घेऊन येतीन. आवाज चढवू नको.”

* * *

चिखलीला लालचंद नावाचे कापडवाले होते. ते फाळणीच्या वेळीच सिंधमधून आले आणि नागरिक झाले. त्यांची आई जेठीबाई मात्र थोरल्या मुलाबरोबर तिकडेच राहिली. तो वारला, तेव्हा म्हातारी पाकिस्तानचा पासपोर्ट घेऊन लालचंदकडे आली. एकाच चुलीवरचं जेवणारं घर, त्यात बाकी सगळे भारतीय आणि आई तेवढी परदेशी!

दर पंधरा दिवसांनी ठाण्यातून इंगळे जमादार चौकशीला यायचे. म्हातारी आहे ना, गावाबाहेर गेली नाही ना, एवढंच पाहायचं. ती त्यांना समोर बसवून जेवू घालायची.

शेवटी अर्ज मंजूर झाला. म्हातारीनं प्रमाणपत्र कपाळाला लावलं. दोन महिन्यांनी पाहतो तर ती पुन्हा माझ्या टेबलासमोर!

“बाबूजी, वो इंगळे अब क्यों नहीं आता?”

मी म्हटलं, “अम्मा, आता तुम्ही इथल्या झालात. आता चौकशी नाही.”

ती जायला वळली. मग म्हणाली, “परदेसी थी तो कोई पूछने तो आता था!”

हे मी इंगळेंच्या कानावर घातलं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी ते साध्या कपड्यांत चिखलीला गेले. बायकोला घेऊन.

* * *

मेहकरचे एक सिंधी शिंपी, फार कमी बोलणारे. फॉर्म भरताना मी विचारलं, “भारतात कायमचं राहायचा इरादा आहे का?”

ते म्हणाले, “अंगणात आंबा लावला आहे.”

“तसं लिहिता येत नाही हो. हो की नाही, एवढंच सांगा.”

“कोय लावली आहे साहेब. कलम नाही!”

कोयीच्या झाडाला फळ धरायला कितीतरी वर्षं लागतात. मी ‘होय’ लिहिलं.

* * *

जिल्ह्यातल्या एका मिशन दवाखान्यात युरोपातून आलेली एक नर्स होती. वीस वर्षांत तिनं किती बाळंतपणं केली याचा हिशेब तिलाच नव्हता. सगळे तिला सिस्टरबाई म्हणत. तिच्या अर्जाला भाषेची अट होती. देशातली एखादी भाषा नीट आली पाहिजे.

परीक्षा घ्यायला पुण्याकडचे नवे साहेब बसले. त्यांनी छापील मराठीत विचारलं, “आपण कोणत्या परिस्थितीत या प्रदेशी वास्तव्यास आलात?”

सिस्टरबाई म्हणाली, “काय इचारून राह्यले साहेब? मले नाही समजलं. जरा सुदं बोला ना!”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “बाई, मराठीत बोला.”

वानखडेबाबू उठून उभेच राहिले. “साहेब, मराठीच बोलून राह्यली ते! बाहेर इचारा कोणाले बी!”

बाहेर व्हरांड्यात तिच्यासोबत आलेल्या तीस-चाळीस बाया बसल्या होत्या. साहेबांनी दारात उभं राहून त्यांचं बोलणं ऐकलं, तेही अगदी तसंच. ते खुर्चीवर परत आले आणि सही करता करता म्हणाले, “परीक्षा माझी झाली म्हणायची!”

* * *

खान हिंगवाले सरहद्दीकडचे पठाण. तरुणपणी आले आणि लोणार-मेहकरच्या गावांत हिंग विकता विकता म्हातारे झाले. कोणीतरी त्यांना भीती घातली, ‘कागद नाही, तर हाकलून देतील.’ त्यांनी अर्ज केला. वर्षभरानं मुंबईहून उत्तर आलं, अर्ज नामंजूर.

तो शब्द ऐकला आणि तो सहा फुटी माणूस ऑफिसच्या पायऱ्यांवर मटकन बसला. “बाबूजी, अब इस उमर में कहाँ जाऊँ?”

वानखडेबाबूंनी पत्र पूर्ण वाचलं आणि पायरीवर त्यांच्याशेजारी जाऊन बसले. “खानसाहेब, खालची ओळ ऐका. तुमी आधीपासूनच इथले रहिवासी, तं संविधान लागू झालं तवापासूनच तुमी नागरिक हा. म्हून अर्जाची गरज नाही. म्हून नामंजूर!”

खानांनी तो कागद स्वतःच्या हातात घेतला. मग म्हणाले, “इतने साल मैं डरता रहा. मले कोणी सांगतलं काऊन नाही? क्यों नहीं बताया?”

ते पत्र त्यांनी काच लावून भिंतीवर टांगलं. ‘नामंजूर’ या शब्दासकट!

* * *

सुलतानपूरचा संपत ब्रह्मदेशात रंगूनला लाकडाच्या वखारीत नोकरीला होता. तिकडे भारतीयांचे धंदे बंद पडले, तेव्हा तो गावी परतला. बरोबर ब्रह्मी बायको. तिचं नाव मा खिन. गावानं आठ दिवसांत तिची ‘माखनबाई’ केली. सासूनं, सरूबाईनं, मात्र तिला कोणत्याच नावानं हाक मारली नाही.

नागरिकाची बायको म्हणून तिचा अर्ज आला. तो अर्ज ऑफिसांतून फिरत असतानाच संपत तापानं गेला. मागोमाग धाकट्या दिराचं पत्र आलं, ‘भाऊ वारला. बाईला तिच्या देशी परत पाठवावे.’

मला वाटलं, संपलं. वानखडेबाबूंनी पुस्तक उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. “वाच. जिचं लग्न नागरिकाशी झालेलं आहे, ‘किंवा झालेलं होतं’. हे ‘होतं’ ज्यानं लिवलं, त्याचं भलं होवो!”

शपथेच्या दिवशी माखनबाई आली. सोबत सरूबाई. आम्हाला धास्ती पडली, म्हातारी आता धाकट्याच्या बाजूनं बोलणार. पण ती मागे भिंतीशी जाऊन उभी राहिली.

साहेबांनी शपथ सांगायला सुरुवात केली. माखनबाई एकेक शब्द अडखळत म्हणू लागली. “भारताच्या संविधानाशी... मी खरी निष्ठा...” ‘निष्ठा’वर तिची जीभ अडली. दोनदा, तीनदा. डोळे भरून आले.

तेवढ्यात दुसरा आवाज आला. सरूबाई तिच्याजवळ येऊन उभी राहिली होती. डोक्यावरचा पदर सावरून तीही शपथ म्हणत होती. शेवटच्या शब्दापर्यंत दोघींनी मिळून म्हटली.

साहेब थांबले. म्हणाले, “आजी, तुम्हाला गरज नव्हती. तुम्ही तर इथल्याच.”

“हाव,” म्हातारी म्हणाली. “पण तिनं एकटीनं काऊन म्हणावं?”