कणगीतली शेवंता

काल शेवंता गेली, आणि मला सगळ्यात जास्त राग आलाय तो माझ्या आईचा.

आईला जाऊनही बरीच वर्षं झाली. तरी आलाय.

शेवंता आमची शेजारीण. कासारवाडीत आमच्या दोन घरांना मधली भिंत एकच होती. एकोणीसशे पन्नासचं दशक. तेव्हा कासारवाडी म्हणजे चार आळ्या आणि शेतं. पिंपरीला कंपन्या नुकत्या कुठे उभ्या राहत होत्या.

ती नऊ-दहा वर्षांची, मी तिच्याहून धाकटी. तिला आईबाप नव्हते. काकाकडे राहायची. राहायची कसली, राबायची. आणि मार खायची.

आम्हाला सगळं ऐकू यायचं. आई भाकरी थापता थापता थांबायची. मग आणखी जोरात थापायची.

शेवटी शाळेतल्या गुरुजींना राहवलं नाही. ते पुण्याला जाऊन सांगून आले. आणि एका दुपारी पुण्याहून सरकारी बाई आल्या. पांढरं पातळ, खांद्याला पिशवी, पाय धुळीने माखलेले.

घरात ज्या मुलांचे हाल होतात त्यांना तिथून सोडवायचं, हेच त्यांचं काम. कायदा होता तेव्हाही. लोकांना उगाच वाटतं हे सगळं आत्ता आलंय.

बाई पारावर म्हणाल्या, "मुलीला रिमांड होममध्ये नेणार आहे."

झालं!

रिमांड म्हणजे काय, हे आमच्या गावाला एकाच गोष्टीवरून माहीत. रेल्वेच्या वॅगनमधला कोळसा चोरताना सापडलेल्या एका मुलाला पोलिसांनी तिकडेच नेलं होतं. म्हणजे पोरांचा तुरुंग.

"मार खाल्ला पोरीनं, आन् जेलात बी तिनंच जायाचं व्हय?" आई म्हणाली.

तिने शेवंताला मागच्या दाराने आमच्या घरात ओढलं. पेरणीआधीचे दिवस, धान्याची कणगी रिकामी होती. तिला आत उतरवलं आणि वर गोणपाट टाकलं.

बाई दारात आल्या. आई कणगीपासून न हलता म्हणाली, "शेवंता न्हाई. मामाकडं गेलीया, जुन्नरला."

पुढच्या घरात तेच उत्तर. त्याच्या पुढच्या घरातही तेच. वीतभर बांधावरून एकमेकांची डोकी फोडणारं आमचं गाव त्या दिवशी एकदिलाने खोटं बोललं. काकाला तर तोंड उघडायचीही गरज पडली नाही.

बाई परत आमच्या दारात येऊन बसल्या. पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "अहो, नाव तसं आहे. पण तिथे शाळा आहे, दोन वेळचं जेवण आहे. तिला कुणी मारणार नाही."

"व्हय बाई," आई म्हणाली. सरकारी माणसाला जे म्हणायचं असतं ते म्हणाली.

बाई पुन्हा एकदा आल्या. तेव्हाही शेवंता मामाकडेच होती. मग नाही आल्या.

त्या पावसाळ्यात काकाने खोऱ्याच्या दांड्याने मारलं आणि शेवंताचा उजवा कान कायमचा गेला.

पुढे लग्न झालं, दिघीला संसार झाला. भोसरीच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये तिने वर्षानुवर्षं पोळ्या लाटल्या. हसरी होती हो. ऐकू आलं नाही की डावा कान पुढे करून "काय गं भवाने?" म्हणायची. स्वतःच्या मुलांवर कधी हात उगारला नाही. माझ्या आईच्या आजारपणातसुद्धा माझ्यापेक्षा जास्त तीच यायची.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये तिच्या समोरच्या भिंतीवर चाइल्ड हेल्पलाइनचं पोस्टर होतं. मला म्हणाली, वाच. मी तिच्या डाव्या कानाशी मोठ्याने वाचलं. मुलाचा छळ होत असेल तर फोन करा, तुमचं नाव गुप्त राहील, वगैरे.

ती म्हणाली,
"मला जायचं व्हतं गं."

"कुठे?"

"त्या बाईंसंगं. कणगीत समदं ऐकू येत व्हतं मला."

"अगं, पण तुलाही तो जेलच वाटला होता ना?"

"वाटला व्हता की. पर जेलात काका न्हवता."

मी विचारलं, एक हाक का नाही मारलीस?

"तुझी आई कणगीला पाठ लावून हुबी व्हती. तिची थरथर आत कळत व्हती मला. माझ्यासाठी एवढं कुणीच कधी केलं न्हवतं. तिला खोटं कसं पाडू?"

माझी आई जन्मभर अभिमानाने सांगायची, "पोरीला जेलातनं वाचवली मी." आणि शेवंता शेजारी बसून मान डोलवायची.

आज रडू आवरत नाहीये. आईवर चिडू तरी किती? तिने जीव लावूनच केलं सगळं.

कुठे मूल मार खात असेल तर फोन करा. चौकशीला माणसं आली तर त्यांना त्या मुलाशी बोलू द्या. मधे उभे राहू नका.

शेवंता, हात जोडून, डोळे भरून तुला निरोप.

जा गं. आता कुणी अडवत नाही.