अभ्यंगस्नानाची तपासणी

आमच्या घरात प्लेगची लागण कोणालाही झाली नाही. फक्त एका नरकचतुर्दशीला सकाळी, थोडा वेळ, मला झाली होती.

ते साल अख्ख्या गिरगावाने मेलेल्या उंदरांना घाबरत काढले होते. आम्ही शिमग्याआधीच रत्नागिरीकडे पळालो, पावसाळा एका नातेवाइकाच्या पडवीत काढला आणि दिवाळीच्या तोंडावर चाळीतल्या आमच्या खोल्यांत परत आलो. आईची इच्छा साधी होती : यंदा दिवा आपल्या उंबऱ्यावर लागावा. माझा बेत जरा भव्य होता. वर्षभराची पीडा एकाच आंघोळीत धुऊन काढायची!

साहजिकच पाणी उकळते घेतले.

“अरे, माणूस आहेस की बटाटा?” आई म्हणाली.

“सासूबाई, ह्यांना म्हणावं, विसण घाला,” माझी बायको म्हणाली. (आईसमोर ती माझ्याशी थेट बोलत नसे. माझे अज्ञान आईच्या मार्फत माझ्यापर्यंत पोहोचे.)

मी थंड पाण्याचा थेंबही घातला नाही. वर मूठभर शिकेकाई डोळ्यांत गेली. अंगातून वाफा निघत असताना, पंचा गुंडाळून, भिंत चाचपडत मी गॅलरीत आलो, आणि जिन्यात बूट वाजले. तपासणीची टोळी!

एक गोरा डॉक्टर आणि एक साताऱ्याकडचा हवालदार. प्लेगची लक्षणे तेव्हा चाळीतल्या पोराटोरांनाही पाठ होती : डोळे लाल, अंग गरम, चाल झोकांड्या खाणारी. ही तिन्ही मी नुकतीच स्वकष्टाने मिळवली होती!

डॉक्टरने माझ्या काखेत काचेची नळी धरली, ती पाहिली आणि तो झटकन मागे सरकला.

“साहेब म्हनतात, गाडी बोलवा,” हवालदार म्हणाला. “ह्येंना इस्पितळात न्यायचं, बाकीच्यांना कारंटीनात. खोलीला कुलूप.”

“कुलूप? आज?” आईने हातातली पणती खाली ठेवली.

“अहो, आंघोळ केलीय मी!”

“ती समदेच करत्यात.”

“उकळत्या पाण्याने केलीय!”

हवालदाराने हे साहेबाला सांगितले. साहेबाचा प्रश्न परत आला.

“साहेब इचारतात, शुद्धीतला मानूस उकळत्या पान्यानं कशापायी अंग धुईल?”

मी नरकासुरापासून समजवायला सुरुवात केली. पण बरळणे हे प्लेगचे चौथे लक्षण होते!

आई पुढे झाली. “हवालदार, तुमचं अभ्यंग झालं का?”

“कुठलं, आई? पहाटेपासनं जिने चढतुया.”

“मग बसा पाटावर.”

“अवो, ड्यूटी हाय माझी!”

“ड्यूटीच करा. हे पाणी माणसाचं काय करतं, ते साहेबाला दाखवा.”

हवालदाराने घाबरत घाबरत साहेबाला विचारले. साहेबाने घड्याळ काढले, मान हलवली आणि तो एका खुर्चीवर बसला. आईने हवालदाराच्या टाळूवर वाटीभर तेल थापले. हंडा तसाच चुलीवर होता, शिकेकाईही उरली होती. विसण? छे! शास्त्रीय प्रयोगात भेसळ चालत नाही. मोरीतून आलेली आरोळी खाली रस्त्यावरही ऐकू गेली असावी.

मग हवालदार बाहेर आला. डोळे लाल, अंगातून वाफा, हाताने भिंत चाचपडत! साहेबाने त्याच्या काखेत नळी लावली. नळीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा नळीकडे पाहिले. माझ्याही काखेत ती नव्याने लावली. तोवर मी पार निवलो होतो. आणि साहेब हसला! अख्खी गॅलरी हसली. आमच्या चाळीने त्या साली पहिल्यांदाच असा आवाज ऐकला.

“साहेब म्हनतात, दोघंबी ठणठणीत,” हवालदार डोळे चोळत म्हणाला. “माझ्यावर निदान जबरदस्ती झाली. तुमी आपखुशीनं मोरीत शिरलात!”

तो चकल्या बांधून घेऊन गेला. आईने उंबऱ्यावर पणती लावली, आणि शेजारच्या उंबऱ्यांवर एकामागून एक दिवे लागले. ओल्या पंच्यात, वाऱ्यावर उभा राहून मी तो सोहळा अगदी भरल्या मनाने पाहिला.

आणि मला शिंक आली.

पुढची सगळी दिवाळी मी आतल्या खोलीत, गोधडीत. अनारसे काठीने आत ढकलले जात. बाहेर आई आल्यागेल्याला मोठ्या आनंदाने सांगत असे, “सगळे सुखरूप आहोत हो! तो होय? तो आंघोळीनं आजारी आहे.”