इस्त्री केलेले मोजे

कडक मावशीला माणसांची किळस यायची, आणि ती त्यांच्या कपड्यांमुळे. गल्लीच्या तोंडाशी तिचं इस्त्रीचं दुकान. धुऊन आलेला सदरासुद्धा गरम इस्त्री फिरली की मालकाच्या काखेचा वास ओकतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? बँकेतले साहेब तिच्या लेखी आंबलेला कांदा होते आणि शाळेतल्या बाई शिळं तेल. दिवसभर नाक मुरडत ती इस्त्री फिरवायची. घडी कडक, तोंड त्याहून कडक, म्हणून हे नाव.

मग तिचेच पाय सुजायला लागले. संध्याकाळपर्यंत घोटे गायब! डॉक्टरांनी नडगीवर बोट दाबून काढलं, तर कणकेत पडावा तसा खड्डा तिथंच राहिला. मावशीला शिसारी आली. या वेळी नाक मुरडायला दुसरं कुणी नव्हतं.

तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, “घट्ट मोजे घाला. सकाळी, अंथरुणातून उतरायच्या आधी. नाहीतर कातडी फुटेल, जखम चिघळेल, आणि मग टेबलामागे उभं राहणं विसरा.”

विसरा म्हणे! म्हणजे इस्त्री सुनेच्या हाती द्यायची? जिला अजून कॉलरची टोकं जमत नाहीत, तिच्या?

औषधाच्या दुकानात ती संध्याकाळी गेली, तर दुकानदाराने परत पाठवलं. “माप सकाळी घेतात, मावशी. सूज चढायच्या आधी.” दुसऱ्या दिवशी सकाळी सून बरोबर आली. घोट्याचं माप झालं, पोटरीचं झालं, गुडघ्याखालपर्यंतची लांबी झाली. मोजे दोन रंगांत होते, काळे आणि सोललेल्या कोंबडीच्या रंगाचे.

“काळे घ्या ना, आई. मळ दिसत नाही.”

“दिसत नाही म्हणजे नसतो का?” असं म्हणून मावशीने कोंबडीच उचलली.

त्याच्या पुढच्या सकाळी सून पलंगाशी आली. “द्या, मी घालते.”

“पायाला हात लावायचा नाही!”

जगाचे वास आपण कसे चघळतो, हे मावशीला माहीत होतं. आपल्या पायावर दुसऱ्या कुणाचं नाक मुरडलं जावं, या कल्पनेनेच तिला कसंतरी झालं. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून. पण आता वाकताही येईना. धापा टाकत, शिव्या घालत तिने मोजे एकटीनेच चढवले. संध्याकाळी घोटे जागेवर सापडले.

रात्री धुतलेले मोजे सकाळी दोरीवर चुरगळून लोंबत होते. चुरगळलेलं कापड तिच्या टेबलावरून आजवर पुढे गेलं नव्हतं. जित्याची खोड! तिने दोन्ही मोजांवर गरम इस्त्री दाबून फिरवली. जळक्या रबरासारखा वास आला. लोकांचे काय काय वास सोसले, त्यात हा एक, म्हणून तिने सोडून दिलं.

मोजे सुर्रकन पायात गेले. “बघ, कसे सरळ आले वळणावर!” तिने सुनेला ऐकवलं.

पण त्यांच्यातला ताण मेला होता. दुपारी ते घसरून घोट्यावर गोळा झाले. ती वर ओढायची, ते पुन्हा खाली. सुनेला सांगायचं कसं? संध्याकाळी चपलेत काहीतरी ओलं लागलं म्हणून तिने पाहिलं. गोळा झालेला मोजा दोरीसारखा रुतला होता, कातडी सोलली होती आणि चिकट पाणी टाचेवरून ओघळत होतं. टेबल धरून ती खाली बसली, ते पाहून सून धावत आली.

सुनेने ओरडाआरडा केला नाही. कात्रीने मोजा कापून काढला, जखम धुतली आणि तिला डॉक्टरांकडे नेलं. तिथं सुनेनेच सांगितलं, “इस्त्री केली त्यांनी.” डॉक्टर हसले. त्यांचे सदरेही तिच्याकडेच इस्त्रीला यायचे, पण उलट नाक मुरडायला मावशीला त्यांचा वाससुद्धा आठवेना.

जखम भरेपर्यंत टेबलामागे सून उभी राहिली. कॉलरची टोकं वाकडीच येत होती. मावशी खुर्चीवरून बघत होती आणि, नवल म्हणजे, गप्प होती.

नव्या मोजांची पहिली सकाळ उजाडली. सून पलंगाशी जमिनीवर बसली आणि तिने पाय मांडीवर ओढून घेतला. मावशीने अंग चोरलं.

“घाण नाही वाटत तुला?”

“वाटते की,” सून म्हणाली. तिने चक्क नाक मुरडलं, अगदी सासूसारखं, आणि मोजा टाचेवरून ओढायला घेतला. “वास येतो तुमच्या पायांना. उद्याही येईल. पाय सरळ करा, आई.”

मावशीने पाय सरळ केला.