बाईंचा मोठा आवाज

आज झेंडूची माळ ओवताना बोटांना तो उग्र वास लागला आणि मखमलाबादचं आमचं मळ्यातलं घर आठवलं. लेकीला इंग्रजी शिकवायला एक तरुण बाई यायच्या. मला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, त्यामुळे संशय फार. पाळत ठेवायला मी फुलं घेऊन दारातच बसायचे.

"बैल स्लो, हे बैलाबद्दल झालं. चालतो स्लोली, हे चालण्याबद्दल," बाई मोठ्याने सांगायच्या. बैलाच्या गप्पा, हा कसला मेला अभ्यास?

"आई, तू इथं कशाला बसतेस गं?" लेक चिडायची.

"मग माळा काय आपोआप होतात?"

ओवता ओवता सगळं मलाच पाठ झालं. आता संशय वेगळाच येतो. लेक तर पुढ्यातच बसलेली असायची, मग बाई दाराकडे बघून एवढ्या मोठ्याने कुणाला शिकवायच्या?