पडवीतला तांब्या

त्या सकाळी चर्चची घंटा एकेक ठोका थांबत वाजू लागली तेव्हा मी कणीक मळत होते. अंधेरीच्या गावठाणात इतकी वर्षं काढल्यावर सणाची घंटा कोणती आणि मरणाची कोणती, हे आमच्यासारख्या हिंदू बिऱ्हाडालाही कळतं. तरी मी मनाला म्हटलं, दुसऱ्या कुणाची असेल. तेवढ्यात फिलोमिना कुंपणापाशी आली. "काकी, आमची आय गेली." आय म्हणजे तिची सासू, आमची झाबेलमावशी. आता दीड-दोन महिने होत आले, पण एकादशीला अजून मी कुंपणाकडे कान देऊन बसते...

कागदोपत्री ती इसाबेल. तिच्या घरामागच्या, कुंपणापलीकडच्या तिच्याच दोन खोल्यांत आम्ही लग्नानंतर भाड्यानं आलो आणि तिथलेच झालो. ठेंगणी, अंगानं भरलेली, चापूनचोपून नेसलेलं लुगडं, आणि जिभेला हाड नाही. माझी पहिली एकादशी तिला दारातून दिसली. खिचडी, रताळ्याच्या फोडी, शेंगदाण्याचा लाडू. "हा उपास?" ती म्हणाली. "सुशे, तुजा देव लय भला गं. आमच्या देवाला पानी पन चालत नाय." 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण मीच तिला शिकवली आणि जन्माची पस्तावले, कारण पुढे दर एकादशीला ती कुंपणावरून मलाच ऐकवायची.

पाण्याचं मात्र ती थट्टेत बोलत नव्हती. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जी पवित्र भाकर देतात, कम्युनियन म्हणतात तिला, ती घ्यायची तर मध्यरात्रीपासून पोटात पाण्याचा थेंबही जाता कामा नये. पाणी पिऊन जाणूनबुजून भाकर घेतली तर ते मोठं पाप, आत्मा बुडालाच. विस्तवाला हात लावू नकोस म्हणावं इतक्या साधेपणानं तिनं मला हे सांगितलं होतं.

त्रेपन्न साल असावं. एका रविवारी ती मिस्सेहून आली आणि चांगलं लुगडंही न बदलता विहिरीच्या कट्ट्यावर बसून राहिली. चुलीवर काही नाही, हाक नाही. मी जवळ गेले तर म्हणाली, "रोमवरून हुकूम आलाय. पानी प्यालं तरी कम्युनियन चालते आता."

"बरं झालं की! सुटलीस."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तिच्याशेजारी कट्ट्यावर टेकले. मग तिनं जे सांगितलं ते तोवर मला ठाऊक नव्हतं.

तिचं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. तिची आई आठवडाभर तापानं पडली होती. आता मरते अशी काही तिची अवस्था नव्हती. तशी असती तर नियम आपोआप सुटला असता. सकाळी फादर घरी कम्युनियन घेऊन येणार होते, म्हणून मध्यरात्रीपासून पाणी बंद. पहाटे आईनं पाणी मागितलं. झाबेल म्हणाली, "फादर यायचेत अजून." आईनं पुन्हा मागितलं. उशाशी भरलेला तांब्या होता आणि आईची नजर त्याच्यावरून हलेना, म्हणून या पोरीनं तो उचलला आणि बाहेर पडवीत कोपऱ्यात नेऊन ठेवला. फादरना वाटेत दुसऱ्या एका आजाऱ्याकडे थांबावं लागलं. ते पोचले तोवर आईची शुद्ध गेली होती. मरणाऱ्याच्या कपाळाला लावतात ते पवित्र तेल लावण्यापलीकडे आता काही उरलं नव्हतं. सगळं गावठाण म्हणालं, काय भाग्याची बाई, उपाशी गेली, सरळ स्वर्गात गेली. त्या एका वाक्यावर झाबेलमावशीनं सारी वर्षं काढली होती. आईची तहान देवाच्या वहीत जमा झाली, असं ती धरून चालली होती. आणि आता पाणी चालतं म्हणे.

"मग ती तहान गेली कुठं, सुशे?"

मी तिला घेऊन फादरांकडे गेले. जुने, थकलेले फादर, मिस्सेनंतर बागेतल्या बाकावर बसले होते. मावशीनं आडपडदा न ठेवता विचारलं, माणूस तरायला देव काय मागतो ते असं मधेच बदलतं काय? ते म्हणाले, नाही बाई, देवाचं मागणं पहिल्यापासून एकच, त्याच्यावर विश्वास आणि प्रेम. त्याभोवती कुंपण चर्चनं घातलं, माणसानं ती भाकर हलकी समजू नये म्हणून. ते कुंपण चर्चनंच आता मागे सरकवलं.

"म्हंजे पानी नको असं देव बोललाच नव्हता?"

"नाही."

"मग माजी आय तहानेली गेली ती कोनाच्या हुकमानं?"

फादरांनी चष्मा काढला. मग हळूच म्हणाले, "आमच्या."

मला वाटलं, आता ही बाई फादरांची हजेरी घेणार. पण ती नुसती उठली. वाटेत म्हणाली, "खोटं नाय बोलला गं म्हातारा." आणि थोडं पुढे जाऊन, "कुंपन सरकतंय तर तुज्यापर्यंत पन सरकू दे एकदा. वर मला एकटीला करमायचं नाय." माझ्या बाप्तिस्म्याचा प्रश्न तिनं आयुष्यात काढला तो एवढाच.

पुढच्या रविवारपासून पडवीच्या कोपऱ्यात भरलेला तांब्या आणि पेला दिसू लागला. लांबच्या पाड्यांवरून बायका पायी पहाटेच्या मिस्सेला जायच्या. त्यांना ती हाका मारायची, "पी गं, पोपनं सांगलंय!" म्हाताऱ्या नाकं मुरडायच्या, तरण्या प्यायच्या. ती स्वतः मात्र मिस्सेआधी कधी ओठ ओला करायची नाही. "पानी चालतं ना आता?" मी एकदा तिच्याच भाषेत विचारलं. "सगल्यांना चालतं," ती म्हणाली. मला तिचा फार राग आला त्या दिवशी. माणसानं स्वतःला इतकी वर्षं शिक्षा करावी?

ती जायच्या आदल्या दिवशी सकाळी मी तिच्याजवळ बसले होते. पाय सुजलेले, श्वास उथळ. फादर कम्युनियन घेऊन यायचे होते आणि फिलोमिना खोली आवरत होती. मावशी म्हणाली, "पानी दे."

इतक्या वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, फादर यायचेत अजून."

बोलले आणि माझं मलाच कानकोंडं झालं. ती मात्र हसली. खोकत खोकत हसली. "मी पन हेच बोलली होती गं." मी घाईनं माठाकडे वळले, तर तिनं माझा पदर धरला. "घरातलं नको. पडवीतला आन."

तो दिवस रविवार होता, तांब्या भरलेला होता. मी तो उचलून आत आणला. तिला टेकवून बसवलं, पेला लावला. एक घोट घेऊन ती थांबली, डोळे मिटले. "हा आयचा." मग दुसरा घेतला, "हा माजा," आणि उरलेलं सगळं गटागटा पिऊन टाकलं. थोड्या वेळानं फादर आले आणि तिनं कम्युनियन घेतली.

फिलोमिना अजून दर रविवारी तांब्या भरून पडवीत ठेवते. बायका पितात, हाका मारणारं कुणी नसलं तरी पितात. मिस्सा सुटून वाट रिकामी झाली की मी कुंपण ओलांडून जाते, तो तांब्या उचलते आणि आत, मावशीच्या खाटेच्या उशाशी नेऊन ठेवते.