ओटीपी देणार नाही

“सेम टू सेम है जी,” असं म्हणत सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरनं माझ्यासमोर नव्या फोनचा चकचकीत खोका ठेवला, आणि त्याच्या आवाजातला उदारपणा ऐकूनच मला कळलं की हा माझी बोळवण करतोय. नोकरीची सगळी वर्षं सरकारी कचेरीत काढली आहेत मी. समोरच्याच्या हातावर कमी टेकवताना माणूस जरा जास्तच गोड बोलतो, हे मला कुणी शिकवायला नको.

माझा फोन बिघडला होता तो माझ्या हातून नव्हे. पडला नाही, भिजला नाही. एका सकाळी चहा गाळताना पाहिलं तर पडदा काळा, आणि मग तो काळाच राहिला. वॉरंटी शिल्लक होती. त्यांनी आधी स्क्रीन बदलला, मग आतला बोर्ड बदलला, मग बोर्डही टिकत नाही म्हटल्यावर हात टेकले आणि कळवलं की कंपनी तुम्हाला नवा फोन देईल, अगदी तोच. तेच मॉडेल, तोच रंग, तेवढीच मेमरी. मी खूश होऊन अर्धी रजा टाकली आणि मनीमाजऱ्याच्या घरून रिक्षानं निघाले.

इथं माझ्या फोनबद्दल थोडं सांगायला हवं. माझी नोकरी केंद्र सरकारची, दर काही वर्षांनी बदलीची. बदलीवरच्या घरांत काही गोष्टी कुणी न सांगता पाळल्या जातात. मोठी खरेदी सुट्टीत गावाकडे गेलो की ओळखीच्या दुकानातूनच करायची, आणि प्रत्येक नव्या शहरात नवं सिम घेतलं तरी घरचं सिम सोडायचं नाही. भोपाळ झालं, गुवाहाटी झालं, आता चंदीगड. शहरं बदलली, माझा अमरावतीचा नंबर तोच राहिला. त्यामुळे फोन घेताना माझी एकच अट होती: त्यात दोन सिमं बसली पाहिजेत, आणि ती कुठल्याही कंपनीची चालली पाहिजेत. अशा फोनला अनलॉक्ड म्हणतात. अमरावतीच्या दुकानात त्याच फोनचा एक स्वस्त प्रकारही होता, एका मोबाइल कंपनीच्या स्कीममधला. दिसायला हुबेहूब तसाच, पण चालणार फक्त त्या एका कंपनीचं सिम. तो मी हातातसुद्धा घेतला नव्हता.

आणि माझ्या अटीमागं माझे बाबा होते. बाबा परतवाड्याला एकटे राहतात. काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. त्यांच्या बटणाच्या फोनवर दोनचा आकडा दाबून धरला की थेट माझा अमरावतीचा नंबर लागतो, हे मीच करून दिलं आहे. माझा फोन आला की त्यांच्याकडे वेगळी घंटा वाजते, हेही मीच करून दिलं आहे. आणि दुसरी कुठलीही घंटा वाजली तर उचलायचं नाही, कारण हल्ली लोक म्हाताऱ्या माणसांना फोनवरून लुबाडतात, हा दमही मीच भरला आहे. बाबा तो इमानदारीनं पाळतात. रोज दिवेलागणीला ते दोनचा आकडा दाबतात. आम्हा दोघांमधली तेवढी एकच तार शिल्लक आहे.

तर सर्व्हिस सेंटर. काउंटरवरची मुलगी खोका न उघडताच म्हणाली, “मैम, आपके रजिस्टर्ड नंबर पे ओटीपी आएगा, वो बता दीजिए, फिर बॉक्स खोलते हैं।” तिच्या संगणकात माझी तक्रार त्या ओटीपीशिवाय बंद होत नव्हती. मी विचारलं, फोन बघायच्या आधीच? तर म्हणे, सगळे देतात.

सगळे देत असतील. पण बंद झालेल्या फाइलचं काय होतं ते मी रोज बघते. चालू फाइल कुणाच्या तरी डोक्यावर बसलेली असते. बंद फाइल कपाटात जाते, आणि तिच्यासाठी कुणीही खुर्चीतून उठत नाही. मी म्हटलं, आधी खोका उघडा, माझं सिम घालून दाखवा.

दोन्ही सिमं मी पर्समधल्या छोट्या डबीत आणली होती. मुलीनं आधी अमरावतीचं घातलं. फोन सुरू झाला, कंपनीचं बोधचिन्ह नाचलं, आणि मग पडद्यावर ओळ आली की या फोनमध्ये फक्त अमुक कंपनीचं सिम चालेल. चंदीगडचं सिम घातलं, तरी तेच. माझ्या अनलॉक्ड फोनच्या बदल्यात यांनी मला तो स्कीमवाला फोन दिला होता.

मॅनेजर ढिम्म. “मॉडेल तो वही है ना मैडम जी। आप नंबर पोर्ट करवा लो, कोई ना।”

पोर्ट करा म्हणजे माझा नंबर उचलून त्या कंपनीकडं न्या. सरकारी क्वार्टर मिळेपर्यंत आम्ही मनीमाजऱ्याच्या एका गल्लीत भाड्यानं राहतो. भिंतीला भिंत लागून घरं, आमचं तळमजल्याला. त्या कंपनीची रेंज हवी असेल तर आमच्याकडे गच्चीवर जावं लागतं. बाबांचा फोन घ्यायला मी रोज संध्याकाळी गच्चीत जाऊन उभी राहू का? आणि का राहू? मी घेतलेल्या फोनमध्ये कुठलं सिम घालायचं हे मी ठरवत होते. बिघडला त्यांचा बोर्ड, आणि सवय बदलायची मी!

त्यानं मग समजूत काढायला घेतली. तुमचा पीस महाराष्ट्रातला, इथला स्टॉक वेगळा. अनलॉक्ड सध्या येत नाही. हेड ऑफिसनं हाच पाठवलाय. तुम्ही आत्ता ओटीपी द्या, हा ठेवून घ्या, नंतर बदलून देऊ, पक्का. त्या “पक्का”वर मला हसूच आलं. कचेरीत मीही किती जणांच्या तोंडून हे “नंतर बघू” ऐकलं आहे, आणि ते नंतर कधीही उजाडलेलं नाही.

“सिम इसमें नहीं चल रहा तो मेरे फोन में डाल लो जी,” त्यानं स्वतःचा फोन पुढं केला. “ओटीपी तो किसी में भी आ जाएगा।”

त्याचं ते वाक्य ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तोवर मी नुसती चिडलेली होते. आता मला खुंटा सापडला.

“आ जाएगा,” मी म्हटलं. “पर जो फोन आप दे रहे हैं, ओटीपी उसी पर आएगा, तभी दूँगी। मेरा वही नंबर, मेरा वही सिम।”

काउंटरवरची मुलगी खाली मान घालून हसली. मॅनेजर नाही हसला. मी माझी सिमं डबीत घातली, डबी पर्समध्ये घातली, तो फोन त्याच्याकडे सरकवला आणि बाहेर पडले. जिना उतरताना हात रिकामेच होते, खोटं कशाला सांगू. पण बरं वाटत होतं.

घरी कुणालाच बरं वाटलं नाही. नवरा डेराबस्सीच्या औषधांच्या कारखान्यातून थकून येतो. त्याचं म्हणणं, एका फोनसाठी एवढं रामायण कशाला, नवा घेऊन टाकू. मुलीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. ती म्हणाली, “आई, चिल करो ना यार, दो फोन रख लो।” तिचाच जुना फोन मी तोवर वापरत होते. त्याची बॅटरी गेलेली, स्वयंपाकघरातल्या प्लगला लावलेला असला तरच चालायचा. म्हणजे बाबांशी बोलायचं तर ओट्याशी उभं राहून. मी आठवडाभर तशी उभी राहिले.

एका संध्याकाळी कचेरीतून आले तर वीज गेलेली आणि तो फोन मेलेला. थोड्या वेळानं नवऱ्याचा फोन वाजला. परतवाड्याच्या शेजारच्या काकू होत्या. बाबांनी दोनचा आकडा दाबून दाबून पाहिला होता, फोन लागेना. मग भिंतीला धरून धरून ते एकटेच काकूंच्या दारापर्यंत गेले, आणि पायरीला अडखळून पडले. हाड शाबूत होतं, गुडघा सोलला होता. काकूंनी फोन त्यांच्या कानाला लावला.

“काहून वं माय, बरी आहेस ना?” त्यांनी मला विचारलं. पडले ते, आणि विचारणार मला.

त्या रात्री जेवताना नवरा म्हणाला की आता तरी हट्ट सोड, जो देतात तो घे. मला इतका राग आला की घास खाली ठेवला. जो देतात त्यात बाबांचा फोनच येणार नव्हता! घरात रेंज नसलेला फोन घेऊन मी काय तो देव्हाऱ्यात ठेवणार होते? मला नवा, भारी, फुकटचा काही नको होतं. जे माझं होतं ते हवं होतं, आणि ते मागताना मीच आडमुठी ठरत होते. ठरू दे म्हटलं. मी आडमुठी आहेच.

इकडं सर्व्हिस सेंटरला घाम फुटायला लागला होता. माझी तक्रार त्यांच्या संगणकात उघडीच होती, आणि उघडी तक्रार जितकी जुनी होते तितकी वरून विचारणा होते, हे मला काउंटरवरच्या मुलीच्या आवाजावरून कळत होतं. आधी ती रोज फोन करायची. मग कस्टमर केअरमधून कुणीतरी अतिशय नम्र माणूस करायला लागला, “मैम, बस ओटीपी शेयर कर दीजिए।” मी ओट्याशी उभी राहून कणीक मळत तेच उत्तर द्यायची. फोन द्या, ओटीपी घ्या. शेवटी खुद्द मॅनेजरचा फोन आला. या वेळी आवाजात साखर नव्हती. “आ जाओ मैडम जी। अनलॉक्ड मँगवाया है। दिल्ली से।”

मी कचेरी सुटल्यावर गेले. बाहेर अंधारायला लागलं होतं, दुकानात हीटर लावलेला. खोका माझ्यासमोर फोडला. डबी मी स्वतः उघडली, सिम मी स्वतः घातलं, अमरावतीचं वरच्या खाचेत आणि चंदीगडचं खालच्या. फोन सुरू झाला. कुठलीही ओळ आली नाही. कोपऱ्यात रेंजच्या दोन्ही रेघा उभ्या राहिल्या आणि माझे डोळे भरून आले, त्या परक्या दुकानात, सगळ्यांसमोर.

मॅनेजरनं संगणकावर कळ दाबली. “भेज दिया जी। ओटीपी बताइए।”

फोन हातात थरथरला. मेसेज आला होता. मी तो उघडणार तेवढ्यात घंटा वाजायला लागली. कोऱ्या फोनमध्ये नावं कुठून असणार, नुसता आकडा दिसत होता, पण तो मला झोपेतही ओळखता येतो. दिवेलागण झाली होती.

“लागला बापा एकदाचा,” बाबा म्हणाले. “कुठी आहेस?”

“दुकानात आहो, बाबा. माहा फोन घ्याले आली.”

“भेटला?”

मी मॅनेजरकडे बघितलं. त्याची बोटं कीबोर्डवर तयार होती.

“भेटला. जसा होता तसाच भेटला.”

“बरं झालं. आता आईक, तो दूधवाला आज काय म्हणे...”

“मैडम जी, ओटीपी,” मॅनेजर म्हणाला. “टाइम निकल जाएगा।”

मी त्याला हातानं थांबायची खूण केली, हीटरजवळची खुर्ची ओढून घेतली आणि बसले. ओटीपीची वेळ टळली तर त्याला दुसरा पाठवता येणार होता. बाबांची दूधवाल्याची गोष्ट नुकतीच सुरू झाली होती, आणि ती मला शेवटपर्यंत ऐकायची होती.